डॉक्टरांच्या संघटनेचा माइकवाला

जनावरांच्या डॉक्टरांची अख्ख्या देशाची म्हणून जी संघटना आहे, ती नेमकं करते काय? हे मी दादाला विचारलं, शाखेच्या अध्यक्षांना विचारलं, दिल्लीच्या पाहुण्यांना जेवणाच्या रांगेत विचारलं. सगळे हसले. सांगितलं कुणीच नाही.

माझा माइक-स्पीकरचा धंदा. माझी शाळा आठवीत सुटली. थोरला दादा मात्र गुरांचा डॉक्टर झाला, संघटनेच्या कोल्हापूर शाखेचा सचिवही झाला. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाला माइक माझाच. कोपऱ्यात बसून ऐकलेले किस्से वायरींसारखे साठलेत. एक ओढायला गेलं की सगळा गुंता बाहेर येतो.

*

हॉटेलात अधिवेशन होतं. ‘पशुपालकाच्या दारी डॉक्टर’ या विषयावरचं भाषण रंगात आलेलं. तेवढ्यात शिरोलीचा एकजण टेम्पोत गाय घालून दारात आला. वासरू आडवं आलेलं. हॉल भरून डॉक्टर, सगळे कोट-टायमध्ये; जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला. दादा उठून खाली गेला. तासाभरानं गाय मोकळी करून आला, तर इकडे ग्रुप फोटो चाललेला. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला. म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही जरा मागच्या रांगेत."

तो फोटो शाखेत लावलाय. त्यात दादाचा नुसता भांग दिसतो.

*

बोगस डॉक्टरांविरुद्ध मोर्चा काढला होता. अध्यक्ष माझ्या माइकवर घोषणा देत होते. चौकात एक मोटरसायकल थांबली. गावोगाव सलाइन लावत फिरणारा, डिग्री नसलेला एक पठ्ठ्या अध्यक्षांजवळ आला आणि नमस्कार करून म्हणाला, "सायेब, तुमच्या म्हशीला बाटली लावून आलोय. सांजच्याला परत येतो."

माइक चालू होता!

*

दादाचा हट्ट एकच. गोठ्यागोठ्यात फिरणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला रेबीजची लस आधीच टोचलेली असावी, आणि ती संघटनेनं टोचावी. दर वार्षिक सभेत तो हा विषय मांडायचा. विषय गंभीर आहे, दिल्लीला कळवू, असं म्हणून अध्यक्ष जेवणाची घोषणा करायचे. एकदा वैतागून दादा मला म्हणाला, "तुझ्या त्या माइकमधनं दिल्लीला आवाज जातोय का बघ की जरा." मी आवाज वाढवला. लोकांनी कान झाकले.

घरी येताना मी विचारलं, तू तरी टोचून घे की. तर म्हणाला, "मी एकट्यानं घेतली की विषय संपला त्यांचा. घेऊ की सगळे मिळून."

*

गडहिंग्लजकडं एक म्हैस लाळ गाळत होती. घशात कणीस अडकलंय, असं मालकानं सांगितलं. अशा वेळी गुरांचा डॉक्टर तोंडात हात घालून बघतो. दादानं कोपरापर्यंत घातला. कणीस नव्हतंच. दुसऱ्या दिवशी दादानं फोन केला, तर मालक म्हणाला, बरी हाय. म्हैस तेव्हा पुरून झाली होती. तिचं दूध गल्लीत घातलेलं, बोंब होईल म्हणून मालकानं दडवलं.

तिला पिसाळलेलं कुत्रं चावलेलं, हे दीड महिन्यानं कळलं, तेव्हा दादा पाण्याचा तांब्या बघून थरथरत होता. मी मालकाची गचांडी धरली. तो म्हणाला, "डॉक्टरांनी इचारलंच न्हाय की."

*

दादाच्या शोकसभेच्या आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. माइकचं बघशील ना, म्हणाले. बघतो म्हणालो.

फोटोला हार झाला. दोन मिनिटं शांतता झाली. दादाच्या नावानं दरवर्षी ढाल द्यायचं ठरलं, टाळ्या वाजल्या. मग अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, लसीचा विषयही आपण दिल्लीला…

मी माइकची वायर उपटली. हॉलच्या दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. दादाचा शाळेतला मित्र माणसांचा डॉक्टर आहे. माझ्या सांगण्यावरून तो लसी बर्फाच्या डब्यात घेऊन पहिल्याच रांगेत बसला होता. त्यानं टेबलावर सिरिंजा मांडल्या.

अध्यक्ष म्हणाले, "अरे, आधी ठराव तरी पास होऊ दे."

मी त्यांची बाही वर केली.