बायकांचे एकशे चाळीस फॉर्म

देवराव तायडे स्वतः बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापुढं गेले नाहीत. पण अमरावतीतल्या निदान डझनभर लोकांच्या नावापुढं ‘डॉक्टर’ लागलं ते त्यांच्या जिवावर. त्यातली एक मी. आम्ही संशोधक मंडळी पंख्याखाली बसून ग्रामीण समाजावर लिहायचो, आणि देवराव उन्हातान्हात त्या समाजाच्या दारोदार जाऊन आमच्या प्रश्नावल्या भरून आणायचे. वीस वर्षं हेच. आधी सायकलवर, मग लुनावर, मग मुलाच्या जुन्या मोटारसायकलवर.

“माह्या फारमात एक खाना रिकामा सापडनार नाई, मॅडम,” असं ते ऐटीत सांगायचे आणि ते खरंही होतं. माझ्या मार्गदर्शकांना अर्धवट फॉर्म दिसला की कपाळाला आठ्या पडत. देवरावांचा गठ्ठा बघून त्यांचा चेहरा खुलायचा.

माझा विषय होता गावचं राजकारण, रूढी आणि विकास. दर्यापूरकडच्या एका गावात एकशे चाळीस घरं निवडली होती. प्रत्येक घरातला नवरा आणि बायको, दोघांना वेगवेगळं विचारायचं. शेवटचा प्रश्न होता: गावात सगळ्यात आधी काय व्हायला हवं? निघण्याआधी देवराव जरा घुटमळले.

“मॅडम, बायाईले इचाराले बाईमानूस पायजे. तुमी दोन दिवस चाला ना.”

मला एका चर्चासत्रात निबंध वाचायचा होता. मी म्हटलं, “इतकी वर्षं करताय, भाऊ. तुम्हाला काय अवघड?” हे वाक्य आठवलं की मला अजून माझी लाज वाटते.

फॉर्म आले. एकशे चाळीसपैकी एकशे एकतीस बायकांनी नवऱ्याचंच उत्तर दिलं होतं, आणि बहुतेकांचं उत्तर होतं सभागृह. मला तर घबाडच सापडलं. ‘स्त्रियांचे राजकीय मत कुटुंबप्रमुखाच्या मतात विलीन झालेले असते,’ असं मी लिहिलं. तोंडी परीक्षेत याच वाक्याचं कौतुक झालं. पदवी मिळाली, अकोल्याला कॉलेजात नोकरी लागली. निष्कर्षांची एक प्रत मी मोठ्या दिमाखात त्या गावाला भेट दिली. गावानं तिचाच दाखला देऊन ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात सभागृह पहिलं घातलं, आणि ते बांधूनही झालं.

सहा वर्षं गेली. गेल्या दिवाळीनंतर देवराव अकोल्याला माझ्या घरी आले. प्रबंधाचं पुस्तक निघतंय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. चहाला हात न लावता म्हणाले, “मॅडम, पुस्तक नका काढू. त्या बायाईले म्या इचारलंच नाई.”

मला आधी गंमत वाटली. मग त्यांनी सगळं सांगितलं. परका पुरुष ओट्यावर बसायचा, घरची बाई दाराआड. फॉर्म काढला की आतून आवाज यायचा, “त्यायलेच इचारा.” नवरा सांगायचा, देवराव लिहायचे; नऊ घरांत तेवढं सासूनं सांगितलं.

“खाना रिकामा ठेवाची हिंमत झाली नाई. एक माणिकबाई तेवढी सोता दारात येऊन बोलली. दर्यापूरले बस पायजे म्हने, पोरीले दहावीच्या पुढं शिकवाचं हाये. ती आत गेली तसा नवरा म्हने, तिचं काय आयकता, सभागृह लिहा. म्या सभागृह लिहिलं.”

मी संतापले. वीस वर्षांच्या इमानदारीचा उद्धार केला, तोंडाला येईल ते बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. ‘मी तुम्हाला सोबत चला म्हटलं होतं,’ असं एकदाही म्हणाले नाहीत. 

पुस्तक थांबवलं. कोरे फॉर्म घेऊन आम्ही दोघं त्या गावाला गेलो. सभागृहाला कुलूप होतं, पायऱ्यांवर शेळ्या बसल्या होत्या. देवरावांचे गुडघे गेलेत, तरी तेच पुढं चालत होते. माणिकबाई घरी एकट्याच होत्या. त्यांनी बाजेवर बसवलं, पाणी दिलं. या खेपेला मीच विचारायचं ठरलं होतं, पण देवरावांना धीर निघाला नाही. त्यांनी हातच जोडले.

“बाई, मांगच्या खेपेले तुमचं म्हननं म्या लिहिलं नाई. सभागृह लिहिलं. आता सांगा, जसंच्या तसं लिहितो.”

माणिकबाई रिकामा तांब्या आत ठेवून आल्या.

“माह्या खुशीले दहावीले अठ्ठ्याहत्तर टक्के होते,” त्या म्हणाल्या. “बस काई आली नाई. तीन वर्सं घरी बसली पोरगी, मंग देऊन टाकली अकोटाकडं. आता कडेवर लेकरू हाये तिच्या.”

देवरावांनी पेन खाली ठेवलं.

“लय रागावे ती माह्यावर. म्हने, माय, तू माह्यासाठी तोंड नाई उघडलं. मी तिले येकच सांगत आली, भाऊ, का मी सांगतलं होतं, त्या लिहिनाऱ्या भाऊले सांगतलं होतं, पन वरतून सरकारनंच नाई म्हनलं.”