आज किती गाड्या दिसल्या?

काळ्या रानातून सायकल नेली की चाकाला माती धरते. काडीनं खरडून काढा, दहा पावलांवर पुन्हा तेवढीच! आमच्या किश्श्यांचंही तसंच आहे. एक सांगून मोकळा होतो, तोवर पुढच्या रविवारी दुसरा चिकटलेला असतो.

आम्ही चौघं. म्होरके पतंगे सर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. सलीमभाईंचं हिंगोलीत सायकल रिपेअरिंगचं दुकान आहे. वंदना सिस्टर दवाखान्यात नर्स आहेत आणि चढावर सगळ्यात पुढे त्याच असतात. माझं चष्म्याचं दुकान, आणि चढावर मी कुठे असतो ते विचारू नका.

सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. सर तेव्हा डांबरी रस्त्यानं जायचे. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे एका ट्रकनं त्यांना घासून नेलं. खांद्याचं हाड मोडलं, तीन महिने हात गळ्यात. सरांच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या काकूंनी, सायकल कोठीत टाकून कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली.

हात बरा झाला, पण सर बोलेनासे झाले. ज्यानं पिढ्यान् पिढ्या पोरांकडून नद्या पाठ करून घेतल्या, तो माणूस खाटेवर बसून कोठीच्या कुलपाकडे बघत राहायचा. मला ते बघवत नव्हतं. काकूंनाही बघवेना. एक दिवस त्यांनी किल्ली काढून दिली, पण अटीवर.

"जिथं गाड्या न्हाईत तिथंच चालवायची. गाव सुटल्यावर ज्या दिशी रस्त्यावर एक बी गाडी दिसली, त्या दिशी सायकल विकली समजा!"

आता सरांमध्ये एक मोठा दोष आहे. ते खोटं बोलत नाहीत. दर रविवारी परतलो की काकू दारात उभ्या, "आज किती गाड्या दिसल्या?" आणि सर खरा आकडा सांगणार. आलं का लक्षात?

*

सरांनी ट्रंकेतून जुने नकाशे काढले. कयाधू नदीच्या काठाकाठानं जाणाऱ्या, दोन बांधांमधल्या अरुंद पांदणी, कॅनॉलच्या कडेचा मुरमाचा रस्ता, दोन गावांमधल्या विसरलेल्या गाडीवाटा. इतकी वर्षं हिंगोलीत राहून मला पत्ता नव्हता, की गावापासून अर्ध्या तासावर फक्त टिटवी ऐकू येते. पहिल्या रविवारी मी घरी जाऊन बायकोला हे तीनदा सांगितलं.

अडचण एकच, आमच्या सायकली मुरमावर घसरायच्या. सिस्टरनी मोबाईलवर फोटो दाखवला. "सलीमभाई, ह्याला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. जाड टायर, मजबूत रिम, खड्ड्याखुड्ड्यातून बराबर चालते. असं काही जमंल का?"

सलीमभाईंनी फोटो मोठा करून करून पाहिला. मग म्हणाले, "सिस्टर, माझे अब्बा दूधवाल्यांसाठी जिंदगीभर ह्याच सायकली बनवत व्हते. फकत नाव ठेवायचं राहून गेलं!"

*

पुसेगावकडच्या एका पांदणीत आम्हाला एका आजोबांनी काठी आडवी धरून थांबवलं. आमच्या डोक्यावर हेल्मेट, सरांच्या हातात नकाशा. आजोबांची खात्रीच पटली होती.

"मोजणीवाले ना तुमी? रस्त्यात आमचं रान जाऊन राहिलं, व्हय ना? इथून पुढं एक पाऊल टाकायचं न्हाई!"

"आजोबा, आम्ही नुसते सायकलवाले," सर म्हणाले.

"कुठं जाऊन राहिले?"

"नदीकडं."

"काहून? कोन हाये तिथं?"

"कोणी नाही. सहज."

आजोबांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. काठी खाली केली. बाभळीखाली बसवलं, घरून चहा मागवला. आमचा चहा पिऊन झाल्यावर सरांच्या जवळ सरकून हळूच विचारलं, "आता खरं सांगा मास्तर. घरी भांडण झालं का?"

*

नियमाची पहिली परीक्षा ट्रॅक्टरनं घेतली. सर दारात उभे राहून म्हणाले, "एक ट्रॅक्टर दिसला." सिस्टर वकिलासारख्या पुढे झाल्या, "काकू, तो नांगरत व्हता!"

काकू कढईतली भाजी हलवून आल्या. तेवढ्या वेळात निकाल तयार होता. "रानात असला तर औत. रस्त्यावर आला तर गाडी."

हा निकाल आम्ही पाठ करून ठेवला. पुढे कुरुंद्याला तो कामाला आला. कुरुंद्याजवळ सलीमभाईंची सासुरवाडी. शनिवारी टेम्पोत सायकली टाकून तिथे मुक्कामाला गेलो होतो (स्वतः बसून गेलेली गाडी मोजायची नाही, हे आधीच विचारून घेतलं होतं). रविवारी सकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं निघालो. एका शेतात हळद शिजवायचं काम चाललेलं, सगळीकडे वाफ आणि वास. आणि तिथून हळदीनं भरलेला ट्रॅक्टर रस्त्याकडे वळत होता! सर मागे दोनशे पावलांवर.

सलीमभाईंनी सायकल टाकली आणि धावत सुटले. "दादा, थांबा! पाच मिनिटं रानातच थांबा!"

"काहून?"

"आमच्या सरांची सायकल वाचवायची हाये!" आणि धापा टाकत त्यांनी काकूंची अट सांगितली.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. हळद शिजवणाऱ्या बायामाणसांनी हातातलं काम ठेवलं. सगळे बांधावर ओळीनं उभे. सर आले, एवढी माणसं बघून बावचळले, नमस्कार करत करत पुढे गेले. मागून ड्रायव्हर ओरडला, "मास्तर, काकूला सांगजा, ट्रॅक्टर रानातच व्हता!"

*

अशी गोष्ट लपून राहते होय? पांदणीपांदणीतून अट पसरली. ज्या आजोबांनी काठी आडवी धरली होती, ते आता आमच्यासाठी मोटरसायकलवाल्यांपुढे काठी आडवी धरायला लागले.

एकदा तर समोरून मोटरसायकल आलीच. स्वार सरांचा जुना विद्यार्थी निघाला. सरांना पाहताच त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला आणि घाम गाळत ढकलत आमच्या शेजारून गेला. सर दिवसभर बेचैन. संध्याकाळी दारात सगळं जसंच्या तसं सांगितलं.

काकूंनी विचारलं, "ढकलत व्हता?"

"हो."

"मंग ती सायकलीहून बी गरीब. जाऊ द्या."

पण त्या दिवशी काकू नेहमीसारख्या आत गेल्या नाहीत. आमच्याकडे एकेकदा बघून म्हणाल्या, "अख्खा जिल्हा मिळून मला फसवून राहिला का काय?"

*

पुढच्या रविवारी आम्ही कयाधूच्या काठावर खडकावर बसून भाकरी खात होतो. पाणी नितळ, पलीकडे बगळे. आणि मागून इंजिनचा आवाज आला.

लपायला जागा नाही, थांबवायला आजोबा नाहीत. वळणावरून पांढरी स्कूटी आली. तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट. स्कूटी थेट आमच्यापाशी थांबली, स्कार्फ सुटला आणि आतून काकू निघाल्या!

सरांचा घास हातातच राहिला. काकू पाण्याजवळ गेल्या, चप्पल काढून पाय बुडवून बसल्या. बराच वेळ. मग येऊन सरांच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली आणि आल्या तशा निघून गेल्या.

परतताना आम्ही तिघं सरांना विनवत होतो. "सर, घरची गाडी मोजायची नसते." "सर, आज तरी भूगोल सोडा, राजकारण करा!" सर पायडल मारत राहिले. त्या दिवशीही आम्ही तिघं त्यांच्या दारापर्यंत गेलो. खरं सांगतो, माझे पाय चढावरही एवढे जड झाले नव्हते.

काकू दारात. "आज किती गाड्या दिसल्या?"

मी मागून खुणा करत होतो. सरांनी सायकलच्या सीटवर हात ठेवला.

"एक."

"कुठली?"

"तुझी."

काकूंनी मान हलवली. "बराबर. मी गाव सुटल्यापासून नदीपातुर मोजत आले. मला एक बी दिसली न्हाई. बगळे बसले व्हते, ते माझ्याच गाडीच्या आवाजानं उडाले." आणि कमरेची किल्ली काढून त्यांनी सलीमभाईंच्या हातावर ठेवली. "गाडी दिसली ना? मंग विका."

किल्ली स्कूटीची होती.

सरांना खरं बोलल्याशिवाय राहवतंय कुठे! म्हणाले, "पण नियमात सायकल विकायची होती."

"नियम कोनं केला व्हता?"

"तू."

"मंग!" काकू सलीमभाईंकडे वळल्या. "बायांची सायकल हाये का वो तुमच्याकडं? जाड टायरची."