मासा संध्याकाळी, गोळी सकाळी

बान नोंग साइ गावात थोंगमुनसारखा माणूस दुसरा झाला नाही, आणि हे सांगायला लाजायचं काही कारण नाही. शाळा चौथीपर्यंत. पण आरोग्यसेवकाचा राखाडी सदरा अंगात घातला की गावचा मुखियासुद्धा बाकावर सरकून जागा द्यायचा. घराघरामागं संडास उभे राहिले ते ह्याच्या तोंडाच्या जोरावर. डासांचा ताप आटोक्यात आला तोही ह्याच्यामुळंच. ज्या घरी रांजणावर झाकण नसेल तिथं तो रांजण सरळ आडवा करायचा आणि बायकांच्या शिव्या खात पुढच्या घरी जायचा.

एका बाबतीत मात्र गाव त्याला दाद देत नव्हतं. कच्चा मासा.

तळ्यातला बारका मासा चिंचेच्या ओंडक्यावर बारीक चेचायचा, वर लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड, पुदिना. चिकट भाताचा मुटका करून त्यात बुडवायचा आणि मागून तांदळाची दारू. ह्याला म्हणायचं कोय. आणि कोय करण्यात थोंगमुनच्या धाकट्या भावाचा, सीथातचा, हात धरणारा कोणी नव्हता. लग्न असो, मयत असो, सीथातला सुरीसकट बोलावणं यायचं. थोंगमुन चारचौघांत छाती काढून सांगायचा, "आमच्या धाकट्याच्या हातचं ज्यानं खाल्लं नाही, तो ह्या तालुक्यात उगाच जगला."

आरोग्य केंद्रातल्या पिम्पा नर्सबाई सांगून सांगून थकल्या होत्या. ह्या माशात डोळ्यांना न दिसणारा किडा असतो. तो माणसाच्या यकृतात जाऊन बसतो, वर्षानुवर्षं पित्ताच्या नळ्या खराब करतो आणि शेवटी तिथं कॅन्सर धरतो. पिवळे पडून गेलेले बापे गावात कोणी पाहिले नव्हते असं नाही. पण बाप्यांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"लिंबानं मासा शिजतोच की बाई."

"आणि जे काही उरतं ते दारू बघून घेते."

थोंगमुनला नर्सबाईंचं पटायचं. पण ज्या भावाच्या हाताचा डंका आपणच पिटला, त्याला सुरी टाकून दे म्हणायचं कसं? कोय सोडलं तर सीथातला गावात विचारणार कोण? मग थोंगमुननं आपल्या डोक्यानं वाट काढली. किडे मारायची गोळी सरकार फुकट देत होतं. गावाला ती गोळी खायला लावायची.

आधी शौच तपासायला प्लास्टिकच्या डब्या वाटल्या, तर निम्मे बापे शेतात पळाले. सीथातचा दोस्त बुनसोंग यानं तर कुत्र्याचं भरून दिलं. डबीत उंदराचे केस बघून नर्सबाई म्हणाल्या, "थोंगमुन, हा माणूस उंदीर खातो काय?" थोंगमुन भर रस्त्यात बुनसोंगवर असा तापला की कोंबड्या खांबांवरच्या घराखाली पळाल्या.

मग त्यानं डोकं लढवलं. कापणीनंतरच्या जत्रेला शहरात कामाला गेलेली सगळी पोरं गावी येतात. त्या दिवशी संध्याकाळी घरोघरी कोय असतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे गावात असताना, देवळाच्या अंगणात गोळ्या वाटायच्या. आणि पहिली गोळी कोण घेणार? सीथात.

"दादा, ही घेतली की खाल्लेलं सगळं साफ?" सीथातनं सगळ्यांदेखत विचारलं.

"साफ," थोंगमुन म्हणाला. "किडा म्हणून राहायचा नाही."

"मग भाऊ असावा तर असा. मी पोट घाण करायचं, ह्यानं धुऊन द्यायचं."

लोक हसले, सीथातनं गोळी गिळली आणि मागं रांग लागली. त्या वर्षी अख्ख्या तालुक्यात सगळ्यात जास्त गोळ्या आमच्या गावात खपल्या. थोंगमुनला ढाल मिळाली, तालुक्याच्या मोठ्या साहेबाबरोबर फोटो निघाला. फोटो त्यानं जिन्याच्या तोंडाशी लावला, म्हणजे वर येणाऱ्याचं डोकं त्यालाच आपटावं.

पुढं गोळीचा दिवस जत्रेचाच भाग झाला. मासा संध्याकाळी, गोळी सकाळी. ज्या बायका नवऱ्यांना दटावायच्या त्याही गप्प झाल्या. जे कोय खायला बिचकायचे तेही बसू लागले, गोळी आहेच की. नर्सबाईंनी थोंगमुनला बाजूला घेऊन सांगितलं, "गोळी किडा मारते, पण आत झालेली जखम भरून काढत नाही. परत खाल्लं की परत किडा. दर वर्षी नवी जखम होते. मासा शिजवा म्हणून सांगा त्यांना. तुमच्या भावापासून सुरुवात करा."

"करतो बाई," थोंगमुन म्हणाला. "आधी त्यांना गोळीची सवय तर लागू दे."

सवय लागली. बरीच वर्षं गेली.

एके दिवशी भातलावणीच्या वेळी सीथात चिखलातून बाहेर येऊन बांधावर बसला. अंगाला खाज सुटली होती. थोंगमुननं त्याची पापणी ओढून पाहिली. डोळा हळदीत बुडवल्यासारखा.

"दादा, एक गोळी दे. दोन दे. जरा जास्त घाण झालेली दिसते."

थोंगमुननं गोळी दिली नाही. तो त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं पोटाचा फोटो काढला आणि थोंगमुनला एकट्याला आत बोलावलं. तो बाहेर आल्यावर सीथात म्हणाला, "काय म्हणाला?"

"म्हणाला, घरी न्या."

मग सीथात म्हणाला, "मी तर एकही साल चुकवलं नाही, दादा. तू म्हणाला होतास साफ."

थोंगमुननं त्याच्या चपला पुढं सरकवल्या आणि दंडाला धरून त्याला उठवलं.

पुढच्या कापणीआधीच सीथात गेला. मयताच्या घरी भिक्षू येऊन मंत्र म्हणून गेले आणि मग पाहुण्यांच्या जेवणाची तयारी सुरू झाली. बुनसोंग आणि चार जण तळ्यातून मासे धरून घेऊन आले, चिंचेचा ओंडका मांडला.

"सीथातच्या मयताला कोय नाही, हे कसं चालेल?" बुनसोंग म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

थोंगमुननं परात उचलली आणि सगळे मासे चुलीवरच्या उकळत्या पाण्यात ओतले. सीथातची बायको लामयाई पुढं आली.

"तो जिवंत होता तोवर त्याच्या हातातली सुरी काढली नाहीत, दादा. मिरवलीत. आता त्याच्या दारातून माणसं उपाशी उठवून कोणाला दाखवताय?"

माणसं उपाशी उठली नाहीत. एकेक करून बुनसोंगच्या अंगणात गेली. थोडक्या वेळात तिकडून ओंडक्यावर सुरी चालल्याचा आवाज यायला लागला. शिजलेले मासे थोंगमुननं एकट्यानं खाल्ले. वाढलेलं तसंच राहिलं तर भावाचा अपमान, म्हणून पोट दुखेपर्यंत खाल्ले.

सकाळी तिरडी उचलायला सगळे हजर झाले. उचलायच्या आधी बुनसोंग थोंगमुनजवळ येऊन उभा राहिला. हातांना लिंबाचा वास होता.

"दादा, राग धरू नकोस. पोरं शहरातून आलीत, सगळे गावातच आहेत. जाळून आल्यावर गोळ्यांचा डबा उघडशील ना?"

"मासा शिजवून खात जा, बुनसोंग."

"हो दादा, खाऊ की," बुनसोंग म्हणाला आणि तिरडीला खांदा द्यायला गेला.

दुपारी थोंगमुननं डबा उघडला.