मंजुळाबाईंचं माहेरचं चर्च

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातल्या दर शुक्रवारी एखाद्या जुन्या चर्चला जायचं, ही टूम पुंडलिकचीच. आणि दर शुक्रवारी तो त्यापायी स्वतःलाच शिव्या घालायचा. छत्रपती संभाजीनगरातल्या आपल्या चर्चची झाडलोट, मेणबत्त्या, कुलूप-किल्ली, सगळं त्याच्याकडं. तिथं त्याचा शब्द चाले, चर्चच्या मंडळींनी भरलेल्या जीपमध्ये मात्र त्याला कुणी विचारत नसे. उपासाला अंडं चालतं का, यावर वाळूजपर्यंत वाद झाला. मग त्याच्या बायकोला, सरिताला, उसाचा रस हवा झाला.

"प्रायश्चित्ताला निघालोय आपण, सहलीला नाय," तो करवादला. सगळ्यांनी निवांत रस प्यायला.

या खेपेला त्याची घाई आईपायी होती. गंगापूरच्या पलीकडं आईच्या, मंजुळाबाईंच्या, माहेरी दगडी चर्च होतं. त्यांचा बाप्तिस्मा तिथला, लग्नही तिथलंच. हल्ली त्यांना नातवंडांची नावं आठवत नसत, ते चर्च तेवढं लख्ख आठवे. तेही पुसलं जायच्या आत त्यांना एकदा तिथं बसवायचं होतं.

पोचले तर दाराला कुलूप. फादर मिस्साच्या उपासनेसाठी दुसऱ्या गावी गेलेले आणि किल्ली तिथली झाडलोट बघणाऱ्या खंडेरावकडं. पुंडलिकनं त्याला फोन लावला.

"कुठं हायेस बाबा?"

"शहरात. गावची मंडळी घेऊन तुमच्या चर्चला आलोय, पण हितं कुलूप हाय. किल्ली कुणाकडं असती?"

पुंडलिकनं खिसा चाचपला, शहरातल्या चर्चची किल्ली तिथंच होती. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आधी सांगायचं नाय का?"

"तुम्ही तरी कुठं सांगितलं?"

ते खरं होतं, म्हणून पुंडलिक आणखीच भडकला. मंडळींना झाडाखाली आणि आईला चर्चच्या पायरीवर बसवून तो एकटाच निघाला. निम्म्या वाटेवर, लिंबेजळगावला, दोघं एकमेकांवर डाफरत भेटले, किल्ल्यांची अदलाबदल केली आणि आल्या पावली परतले.

तो आला तेव्हा उन्हं कलली होती. मंजुळाबाई पायरीवरून हलल्या नव्हत्या. त्यानं दार उघडून त्यांना आत नेलं. बाकं नवी, फरशी नवी. आईला यातलं काहीच ओळखू येणार नाही, असं त्याला वाटलं. पण मंजुळाबाई बाकं ओलांडून थेट डावीकडच्या भिंतीशी गेल्या, जमिनीवर बसल्या आणि शेजारची फरशी पदरानं पुसू लागल्या.

"माझी आई येतीय," त्या म्हणाल्या. "तिला हितंच बसाया लागतं. तू कोणाचा रं?"

बाहेरून सरिता उशीर झाल्याच्या हाका मारत होती. "गप बसा जरा सगळे," तो दारातून खेकसला. मग परत आला आणि पुसलेली जागा मोकळी ठेवून पलीकडं बसला.