घंगाळातला बोंबील

माझ्या थोरल्याला, बाळूला, पहिले सात महिने रोज मीच आंघोळ घालत होते. फक्त पत्रांतून.

प्रत्यक्षात ते काम जानकीचं. हे तेव्हा तारापूरच्या प्रकल्पाच्या बांधकामावर ओव्हरसियर होते आणि आम्ही बोईसरला दोन खोल्यांत राहत होतो. जानकी किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातून यायची, मोरीत पाय पसरून बसायची, बाळूला पायांवर टाकायची आणि कणीक तिंबावी तशी तिंबायची. पोरगं हूं की चूं करायचं नाही! मी शेजारी पंचा धरून उभी. आणि दुपारी वाईला सासूबाईंना लिहायची, ‘बालसंगोपनाच्या पुस्तकात दिलंय तश्शी आंघोळ मी स्वतः घालते. बाळू अगदी शांत असतो. सगळं आईच्या हातावर असतं.’ (पुस्तक पालघरहून आणलं होतं. अकरा पानं वाचून झाली होती. आंघोळ बाराव्या पानावर होती.)

एक दिवस सासूबाईंचं कार्ड आलं. ‘रविवारी येते. तुझी ती शांत आंघोळ एकदा डोळ्यांनी बघायची आहे.’

माझ्या पायांखालची फरशी सरकली! जानकीला मी चार दिवस सुट्टी दिली आणि गुरुवारी बाळूला स्वतः घंगाळात बसवलं. तो असा काही किंचाळला की शेजारची भाभी लाटणं घेऊन धावत आली.

“क्या हुआ? बच्चा गिरा क्या?”

“नहीं, आंघोळ है!”

शुक्रवारी ह्यांना मोरीच्या दारात उभं करून ताट-चमचा वाजवायला लावला. बाळूने वरचा सूर लावला. शनिवारी मी जानकीसारखा काष्टा मारून बसले. बाळू क्षणभर थांबला, त्याने मला नीट न्याहाळलं, आणि मग दुप्पट रडला.

संध्याकाळी बाजारात सुकी मासळी विकत बसलेल्या जानकीपुढे मी रडकुंडीला आले.

“अगं, उद्या सासूबाई येतायत! तू त्याला करतेस तरी काय?”

“काय नाय वहिनी. सकाळी बोंबील दोरीवर घालते नि तशीच तुमच्याकडं येते. हातांचा वास काय जात नाय. त्यालाच पोर भुललंय!” असं म्हणून ती खो खो हसली.

ती थट्टा करत होती. मला ते शास्त्र वाटलं. मी एक बोंबील घेतला. आयुष्यातला पहिला!

रविवारी तो मलमलीत बांधून घंगाळावरच्या खुंटीला टांगला. सासूबाई दारात पाट टाकून बसल्या. बाळू वर हलणाऱ्या पुरचुंडीकडे टक लावून चक्क हसायला लागला! (पुरचुंडी हलत होती म्हणून की वासाने, देव जाणे.)

सासूबाईंचं नाक मात्र फुगलं. “कसला गं हा वास?”

“मुळी आहे, समुद्रकाठची. त्याने मुलं शांत होतात. पुस्तकात आहे!”

“कितव्या पानावर?”

“बाराव्या!”

तेवढ्यात खिडकीतून मांजर आलं. त्याने पुरचुंडीवर झेप घेतली, पुरचुंडीसकट ते घंगाळात कोसळलं, अर्धं घंगाळ सासूबाईंच्या लुगड्यावर गेलं, आणि ओलं मांजर भाभीच्या घरात पळालं. पाणी शांत झालं तेव्हा मलमल एकीकडे तरंगत होती आणि बोंबील बाळूच्या तोंडात होता. बोळक्याने तो असा चोखत होता की सात जन्मांची ओळख!

चातुर्मासात कांद्याचं नावही न काढणाऱ्या माझ्या सासूबाई खाली वाकल्या.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “या मुळीला डोळे आहेत.”

आणि नेमकी आजीबाईंना भेटायला जानकी दारात हजर! “अगो बाय! बोंबील?”

मी तो हिसकावला. बाळूने घर डोक्यावर घेतलं. जानकीने सरळ ओल्या मोरीत पाय पसरले, त्याला आडवा टाकला, दोन हात चोळले. चिडीचूप!

“तू रोज येतेस?” सासूबाईंनी विचारलं.

“सात महिने झाले, आजी. वहिनी पंचा झकास धरतात.”

मी पंच्यात तोंड लपवलं. सासूबाई कितीतरी वेळ जानकीच्या हातांकडे बघत राहिल्या. आता माझी रवानगी माहेरी, असं मी धरूनच चालले. मग त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या गुडघ्यांचं काही जमेल का गं तुला?”

पंधरा दिवस आमच्या मोरीत दोन आंघोळी चालल्या. आधी नातवाची, मग आजीची. दोन्ही एकदम शांत. पंचे दोन्ही मीच धरले.

त्या परत गेल्या आणि महिन्याभराने पुण्याच्या नणंदेचं पत्र आलं. ‘वहिनी, धन्य आहे तुमची! तुम्ही रोज स्वतःच्या हातांनी आईचे गुडघे चोळून दिलेत, असं आई सगळ्यांना कळवते आहे.’

मी उलटटपाली लिहिलं, ‘अहो, त्यात काय विशेष! पुस्तकात पाहून केलं. पान तेरा.’