दादाच्या बाईकचं ऑइल

दादा गेल्यावर त्याची जुनी बाईक चामराजपेटच्या घराखाली तशीच उभी राहिली. वहिनीने चावी माझ्या हातात दिली आणि वापरायला सांगितलं. आधी ऑइल बदलू, मी म्हणालो, आणि कोणतं घालावं हे वाचत बसलो. मिनरल की सिंथेटिक, दाट की पातळ. बाईकचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो. कारचं ऑइल घातलं तर तो घसरू शकतो, हेही मला तेव्हाच कळलं. मारतहळ्ळीच्या ऑफिसातून दमून यायचो आणि पुन्हा तेच वाचायचो.

एका रविवारी वहिनीने विचारलं, "भावजी, कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"दाट मिनरल. पण सिंथेटिक जास्त टिकतं म्हणतात."

"मग मिनरलच आणा की. ऑइल ठरलं तर बाईक चालवावी लागेल, म्हणून घोळ घालताय ना?"

मी चावी उचलली. तिने चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने खालचा नट सोडला. काळं ऑइल ट्रेमध्ये पडू लागलं. दादा शेवटचा फिरला तो याच ऑइलवर. ते वाहून जाताना बघणं, एवढंच मी इतके दिवस टाळत होतो. धार तुटेपर्यंत वहिनीही रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

नवं ऑइल भरून झालं. मी बाईक सुरू केली. वहिनी मागे बसली आणि म्हणाली, "सावकाश चला."