माझ्याशी हिंदी, माझ्याबद्दल मराठी

मला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा कुणा तज्ज्ञ बाईंनी आईबाबांना बजावलं, या मुलीशी एकच भाषा बोला, दोन झेपणार नाहीत. चंदीगडची शाळा हिंदी, म्हणून माझ्या वाट्याला हिंदी आली. बाबा सेक्टर ३९च्या संशोधन संस्थेत, पण घर पक्कं सातारी. धाकट्या भावाला "गधड्या" म्हणून धपाटा मिळायचा. मला मात्र तोंड भलंमोठं उघडून, "बेटा, खाना खा लो." स्वतःच्याच घरात मी पाहुणी! अजून आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

घरी दिवाळी अंक यायचे. लिपी तीच, म्हणून वाचत गेले. वाचलेले शब्द आईच्या ओठांवर शोधत बसायचे. दहावीपर्यंत बरंच समजायला लागलं होतं. घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मला सायन्स घ्यायचं होतं, सेक्टर ३४मधल्या क्लासला जायचं होतं. तसं सांगितलंही होतं. एका रविवारी पोहे खाताना आईबाबा माझ्यासमोरच निकाल लावून मोकळे झाले, अर्थात मराठीत.

"सर फळ्याकडे तोंड करून शिकवणार. हिला काय कळणार?" बाबा म्हणाले.

"चित्रकलेला घालू. बिचारी रमेल," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघून गोड हसली. "बेटा, और पोहा?"

मी काय भिंत होते? चमचा आपटला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने मराठी बोलले, "माझं ठरवताना मला विचारा. मी सायन्सच घेणार."

आईचे डोळे भरले. वाटलं, आता तरी लाज वाटली असेल.

"अहो, ऐकलंत? मराठी बोलली!"

बाबांनी पाठ थोपटली, भाऊ टाळ्या वाजवत नाचला. लगेच साताऱ्याच्या मावशीला व्हिडिओ कॉल. मला फोनसमोर उभं केलं. तेच वाक्य पुन्हा बोलले. मावशी ढसाढसा रडली. मग काकांना बोलावलं, त्यांच्यासाठी पुन्हा बोलले.

"सायन्सचं काय?" मी आईला विचारलं, मराठीतच.

तिने कौतुकाने माझी हनुवटी धरली.

"ते बघू गं नंतर. आधी आत्याला बोलून दाखव. आणि 'विचारा' जरा स्पष्ट म्हण."